रकाना

आमच्याकडं लग्न लागताना पाळक इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचतात. सुरुवात बाविसाव्या वचनापासून. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं हा मजकूर आला की पुरुषांच्या बाजूला जरा चुळबुळ होते. कुणी मिशीवरनं हात फिरवतो, कुणी पलीकडच्या बाजूला बसलेल्या बायकोकडं डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघून घेतो. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, अशा वेळी मांडीवर बोटं मोजत बसायचे. पंगतीत मग त्यांचा हिशेब बाहेर यायचा. "बायकांस्नी किती वचनं? बावीस, तेवीस, चोवीस. तीन. तितनं फुडं तेहतीसपतुर समदी गड्याला. नऊ झाली. मंजी तिप्पट काम कुणाला लावलंय, सांगा बगू!"

पंगत हसायची. त्या नऊ वचनांतलं काम किती अवघड आहे ते मला मोठेपणी कळलं. ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं नवऱ्यानं बायकोसाठी स्वतःला द्यायचं. आणि देणं म्हणजे नुसता पगार आणून देणं नव्हे. शिवाय त्याच्या आधीचं एकविसावं वचन एकमेकांच्या अधीन असण्याबद्दल आहे, ते बहुतेक लग्नांत वाचायचं राहूनच जातं. का राहतं, देव जाणे. वाचणारेही पुरुषच असतात.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू. जमीन काळी, पण पाऊस परतीचा, तोही आला तर. ज्वारी रब्बीची. गावात ख्रिस्ती घरं मोजून सात. त्यातलं आमचं आजोबांपासूनचं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ साली अहमदनगरला आली आणि पुढं तिथनं सोलापूरकडं सरकली. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गमावलेली जी पोरं मिशननं सांभाळली, त्यांत पाच-सहा वर्षांचे आमचे आजोबा होते. भाकरी आधी मिळाली आणि बाप्तिस्मा नंतर, हे ते स्वतःच सांगायचे. त्यात त्यांना लाज वाटायची नाही. "त्येंनी आदी भाकर दिली, मग नाव इचारलं. गावानं आदी जात इचारली असती," एवढंच म्हणायचे.

दादा सातवी शिकलेले. दोन एकर रान आणि उरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या रानात मजुरी. गावात देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. एक पेटी, एक ढोलकी. पाळक महिन्यातनं एकदा सायकलवरनं यायचे. बाकीचे रविवार दादाच शास्त्र वाचायचे. आवाज चांगला होता, पण बोलायला सांगितलं की घाम फुटायचा. म्हणून नाताळच्या नाटकात दर वर्षी योसेफ तेच. योसेफाला बोलायचं काहीच नसतं. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही. देवदूत स्वप्नात येऊन सांगतो, की हा उठतो आणि करतो. मरियेला घरी आण म्हटलं, आणली. पोराला घेऊन मिसरात जा म्हटलं, रातोरात निघाला. दादांना तो फार आवडायचा. "बोलायचं न्हाई, उठायचं," हे त्यांचं त्याच्यावरचं सगळं प्रवचन.

आई एकदा चुलीपुढनं म्हणाली, "पर देवानं आदी तिला इचारलं. ती व्हय म्हनली, मग ह्येला सांगितलं."

आईला लिहितावाचता येत नव्हतं. पण लूक आणि मत्तय यांचा क्रम तिनं बरोबर लावला होता. दादा काही बोलले नाहीत. योसेफासारखेच.

१९७० च्या हिवाळ्यात दादांनी पाळकांकडनं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणलं. १९३४ पासून भागाभागानं आलेलं ते पुस्तक ख्रिस्ती घरांत हातोहात फिरायचं. रोज रात्री कंदिलापुढं चार-पाच पानं मोठ्यानं वाचायची आणि आम्ही ऐकायचं. रेव्हरंड टिळकांची गाणी आमच्या देवळात दर रविवारी म्हटली जात, त्यामुळं टिळक आमच्या घरचेच. पण त्यांच्या बायकोनं त्यांच्याबद्दल एवढं उघड लिहिलंय हे ऐकून दादा जरा चपापले. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको सोबत नव्हती. तिच्या पदरात लहानगा दत्तू. पुढं ती त्याला घेऊन आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, नातेवाइकांकडं राहिली. नवरा जिवंत, पण धर्माबाहेर गेलेला. अशा बाईला पंढरपुरात काय काय ऐकावं लागलं असेल ते पंढरपूर बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आषाढीला आमच्याच गावावरनं दिंड्या जायच्या. आईनं हंडे भरून वारकऱ्यांना पाणी पाजलेलं. तिला ते सगळं डोळ्यापुढं दिसत होतं.

दादा टिळकांची बाजू घ्यायचे. "त्येनं तिला वडून न्हाई आणलं. पाच वर्सं थांबला. तिला पटलं तवाच तिनं बाप्तिस्मा घेतला." ते खरंच आहे. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून घेतला, नवऱ्याच्या हुकमावरनं नाही.

आई म्हणाली, "थांबला त्ये नंतर. आदी इचारलं का?"

मग थोड्या वेळानं, "चांगला मानूस. पर घरात इचारायचा न्हाई."

त्या रात्री पुढचं पान उलटलं नाही. दादांनी कंदील बारीक केला.

आता रकान्याचं सांगतो. ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जावं लागेल. १९५० साली अनुसूचित जातींचा जो आदेश निघाला, त्यात हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा धरायचं नाही असं ठरलं. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजतागायत नाहीत, कोर्टात अजून चाललंच आहे. म्हणजे आमचे आजोबा ख्रिस्ती झाले म्हणून गावच्या विहिरीवर कुणी त्यांना घेतलं नाही, शिवाशीव आमच्या वाट्याला पुरेपूर राहिली, पण सरकारी कागदावर आम्ही त्यातनं सुटलो. १९५६ नंतर आमच्या भाऊबंदांतली बहुतेक घरं बाबासाहेबांमागं बौद्ध झाली. त्यांना राज्य सरकारच्या सवलती पुढं मिळू लागल्या. ख्रिस्ती घरांपैकी पुष्कळांनी दोन नावं ठेवली, एक देवळातलं, एक शाळेतलं. माझ्या चुलत्यानं कागदावर 'हिंदू महार' लिहिलं. त्याला सरकारी नोकरी लागली आणि तो मरेपर्यंत एकही रविवार चुकला नाही. दादांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. "त्येचं त्यो आन् त्येचा प्रभू बगून घेतील," म्हणायचे.

आमच्या गावच्या गुरुजींनी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत घातलं तेव्हा रजिस्टरात धर्म आणि जात हा रकाना कोरा ठेवला होता. पुढं जे उपयोगी पडेल ते भरता येईल, असा त्यांचा विचार. फार भला माणूस. १९७२ च्या जूनमध्ये मी सातवी झालो. तालुक्याला हायस्कूल होतं. फीचा प्रश्न नव्हता, ई.बी.सी.ची सवलत होती. प्रश्न भाकरीचा होता. गाव ते तालुका रोज जाऊन येण्यासारखं नव्हतं. तिथं मागासवर्गीय मुलांचं वसतिगृह होतं, राहणं-जेवण फुकट. दाखल्यावर जात लागायची. दादांनी आधी शहरातल्या एका ख्रिस्ती बोर्डिंगात विचारून बघितलं होतं, तिथं जागा नव्हती.

गुरुजींनी रजिस्टर उघडून दादांपुढं ठेवलं. "कागदाला काय कळतंय? लिहा हिंदू महार. घरात प्रार्थना करा की, कोण बघायला येतंय?" असं समजुतीच्या आवाजात म्हणाले. मी दाराशी उभा होतो. मृग कोरडा गेलेला. शाळेच्या पटांगणात धूळ उडत होती. मला तेव्हा धर्माचं काही पडलं नव्हतं. वसतिगृहात बुधवारी गोड असतं असं मी ऐकलेलं, तेवढंच डोक्यात होतं.

दादांनी टाक घेतला. माझ्या नावापुढं 'ख्रिस्ती' लिहिलं. दोन पानं उलटून धाकटीच्या नावापुढंही लिहिलं. मग गुरुजींना म्हणाले, "ह्येच्या बाप्तिस्म्याच्या वक्ताला मंडळीम्होरं उभा राहून व्हय म्हनलंय मी. आता न्हाई कसं लिवू, गुरुजी?"

एवढं लांबलचक बोलताना मी त्यांना देवळाबाहेर पहिल्यांदाच ऐकलं.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "टिळकाचं वाचून दावत हुता न्हवं?"

त्या वाक्यावर दादा पुष्कळ दिवस गप्प होते, आणि गप्पपणातच त्यांनी नऊ वचनांचं काम सुरू केलं. रकाना त्यांनी भरला होता, तेव्हा त्याचा दामही आपणच भरायचा असं त्यांनी मनाशी धरलं. सायकल विकली. मला घेऊन सोलापूरला आले. शहरात चादरींचे कारखाने होते, त्यातल्या एकात रात्रपाळीला लागले. तागे उचलायचे, गठ्ठे बांधायचे. एका खोलीत आम्ही दोघं. ते सकाळी यायचे, मी शाळेला निघायचो, चटई तीच. चहा सोडला. तंबाखू सोडली, ती मात्र फार जड गेली त्यांना. महिन्याच्या महिन्याला आईला मनीऑर्डर.

आणि शनिवारी रात्री चालत गावी. तीस किलोमीटर. एसटीचे पैसे वाचवायचे म्हणून. पहाटे पोचायचे, दोन घागरी पाणी भरायचे, आईची लुगडी घेऊन विहिरीवर जायचे. आमच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या विहिरीवर, तीही आटत आलेली. बाप्ये हसायचे. "ख्रिस्ताव झालं की बायकोची लुगडी धुवावी लागत्यात व्हय रं?" दादा म्हणायचे, "व्हय. लिवलंय तसं." मग देवळात जाऊन शास्त्र वाचायचे. रात्री परत चालत.

पण दाम एकट्यानं भरायचं म्हटलं तरी भरता येत नाही. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना सांगायला नको, न भोगलेल्यांना सांगून कळत नाही. दिवाळीपर्यंत रानात काडी नव्हती. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, शाळेत आणि कामावर सुकडी. दादांच्या मनीऑर्डरीत तीन तोंडं भागेनात. आई पाझर तलावाच्या कामाला जाऊ लागली. दगड फोडायचे, पाट्या वाहायच्या. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, त्याला कोण बघणार? धाकटी सहावीत होती, बारा वर्षांची. तिनं शाळा सोडली आणि भावाला कडेवर घेतलं.

हे दादांना कळलं एका रविवारी. तिचं दप्तर खुंटीवर टांगलेलं आणि त्यात कांदे भरून ठेवलेले. दादांनी आईला विचारलं, "पोरीची शाळा बंद केलीस? मला इचारायचं तरी."

आई म्हणाली, "तुमी इचारलंवतं?"

आईचे पाय सुजलेले होते. दादांनी चुलीवर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं त्यात पाय घातले. दोघंही बोलत नव्हते. ती दोघं एकमेकांवर रागावलेली होती आणि तरी ते पाणी तापलं, एवढं मी बघितलं. माझ्या संसाराला ते पुष्कळ पुरलं.

विश्वासात आज्ञा पाळणं ही गोष्ट देवळात सोपी वाटते. अब्राहामानं पोराला डोंगरावर नेलं, देवानं वरच्या वर हात धरला. सारेला त्यानं विचारलं होतं का, ते शास्त्रात नाही. आमच्या घरात हात धरायला कुणी आलं नाही. धाकटीची शाळा गेली ती गेली. माझी मात्र राहिली. दादा सोलापुरात माझ्यासाठी आले होते, तिच्यासाठी नव्हे, आणि यात धर्माबरोबर पोरगा-पोरगी हाही हिशेब होताच. दादांनी 'ख्रिस्ती' लिहिलं ते बरोबरच केलं असं मी मानतो. पण त्या शब्दाची किंमत एका बारा वर्षांच्या पोरीनं मोजावी हे मी आजवर मान्य केलेलं नाही. या दोन गोष्टी माझ्यात एकमेकींशेजारी राहतात. पाळकांना विचारलं तर ते चांगलं उत्तर देतात. मी ते ऐकून घेतो.

पुढं मी मास्तर झालो. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे रकाने भरले. कोऱ्या रकान्यांपुढं थांबलेले बाप किती बघितले, आणि प्रत्येक वेळी पोराच्या आईला बोलावून घ्या म्हणालो. काहींना राग यायचा. माझ्या स्वतःच्या मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरी बायकोला विचारलं. ती मिरजेला नर्सिंग शिकलेली, कामावरनं दमून आलेली. म्हणाली, "लिहा ख्रिस्ती. पण उद्या तिची सीट गेली तर दोघांनी मिळून ऐकून घ्यायचं, एकट्यानं शहीद व्हायचं नाही." मुलीची एक सीट पुढं खरंच गेली. आम्ही दोघांनी मिळून ऐकून घेतलं. चांगलं अर्धा तास ऐकवलं तिनं.

धाकटीचं लग्न सोलापुरातच झालं. जावई मागावर, ती घरी विड्या वळायची. दिवसाला हजार. १९८१ साली, कडेवर एक पोर असताना, तिनं जाहीर केलं की दहावीला बसणार, सतरा नंबरचा फॉर्म भरून. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दादा गावी जाऊन तो घेऊन आले. एसटीत त्यांनी तो वाचला असावा, कारण आधी धाकटीकडं न जाता ते माझ्याकडं आले आणि कागद माझ्यापुढं धरला.

धर्म व जात, तिथं ख्रिस्ती. त्याच्या खाली आणखी एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. तिथं गुरुजींनी ठरावीक शब्द लिहिले होते. पालकांची इच्छा.

"ही माजी इच्छा हुती व्हय रं?" दादांनी विचारलं.

मी म्हणालो, असं सगळ्यांच्याच दाखल्यावर लिहितात, दादा. खरंच लिहितात. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी कामावर जायच्या आधी धाकटीच्या घरी जाऊ लागले. ती पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची. हात थांबवायला परवडत नव्हतं. म्हणून हे समोर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचे. इतिहास, भूगोल, मराठी. गावच्या देवळात शास्त्र वाचायचे त्याच आवाजात. तिला कळलं नाही की ती म्हणायची, "दादा, मागनं परत." हे मागनं परत वाचायचे. "हळू वाचा, पळताय कुठं?" हे हळू वाचायचे. पोर रडलं की उठून त्याला खांद्यावर घ्यायचे आणि उभ्यानं वाचायचे. जावईबापूंना सुरुवातीला ते अवघड वाटायचं, सासरा रोज दारात. मग तेही ऐकत बसू लागले.

गणित मात्र वाचून येत नाही. दादांचं गणित सातवीपर्यंतचं, पुढचं मी शिकवायला जायचो. मला तिनं कधी "हळू" म्हटलं नाही. माझ्या वेळी ती जरा ताठच असायची, आणि तो तिचा हक्क होता. बाकीचे विषय पहिल्याच वेळी सुटले. गणितात ती दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळेला दादा म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे का?" तिनं विड्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाली, "तुमी बसा खाली." ते बसले.

तिसऱ्या वेळी गणित सुटलं. मार्कशीट घेऊन ती गावी गेली, आम्हीही गेलो. ज्वारीची मळणी चालू होती. आईनं कागद हातात घेतला, उलटा धरला आणि म्हणाली, "वाच समदं. कशात किती ते सांग." धाकटीनं एकेक विषय मोठ्यानं वाचला. मराठीत किती, इतिहासात किती. प्रत्येक आकड्यावर आई मान हलवायची.

"गणितात छत्तीस," धाकटी म्हणाली.

दादा उंबऱ्यात बसून सुपातनं ज्वारी पाखडत होते. "पस्तिसाला पास," ते तिकडनंच म्हणाले, "एक जास्तीच हाय की!"